काही न धरणारे रिव्हेट

१

कामशेतच्या दत्तोबांची नवी भातगिरणी पौषात सुरू झाली आणि अकराव्या दिवशी तिचा माळा कोसळला. साल १९३७. सगळा माळा नाही पडला. एकच तुळई एका टोकाला सुटली, आणि तिच्यावर रचलेली भाताची पोती घसरत खाली आली. खाली सोपान होता. परंदवडीचा, तेवीस वर्षांचा हमाल, पाठीवरचं पोतं नुकतंच टेकवून घाम पुसत उभा. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत उपरण्याचं टोक तसंच होतं म्हणतात.

मी ते पाहिलं नाही. मी तेव्हा लोणावळ्याला, बाजारामागच्या आमच्या दोन खोल्यांत, खिडकीतल्या उन्हात बसून झबलं शिवत होते. मला सहावा महिना होता. बाळाचं पहिलं झबलं नव्या कापडाचं करत नाहीत. जुनं, धुऊन मऊ झालेलं घेतात. माझ्या हातातलं कापड तर इतकं तलम होतं की सुई कुठून गेली ते कळू नये.

संध्याकाळच्या आत फौजदार दारात. बरोबर सबनीस, गिरणीच्या कामावरचे ओव्हरसियर. आमचे हे पुण्याच्या एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचे आणि गिरणीचे सगळे नकाशे यांनीच घरी बसून काढले होते.

फौजदारांनी ट्रंक उघडली, कोपऱ्यातली गुंडाळी सोडली. आतून एक नकाशा निघाला, तलम कापडावर काळ्या शाईने काढलेला, वर तांबड्या शाईची मोठी फुली.

"हाच तो सात नंबरचा," सबनीस म्हणाले. "तुळई गर्डरला कशी जोडायची तो. बघा, दोन बाजूंना दोन अँगल आणि दोनच रिव्हेट. आम्ही तसंच जोडलं."

"हा रद्द केलेला आहे," हे म्हणाले. "फुली दिसत नाही? नवा सात नंबर काढला होता मी. त्यात तुळईच्या खाली बैठक आहे. नवा नळीत आहे, थांबा."

"फुली आज मारली की काय?" सबनीस हसले. "शाई तर ओली वाटते."

यांनी पत्र्याची लांब नळी उचलली. एक ते सहा नंबरचे नकाशे बाहेर काढले. मग नळी उलटी करून खालून थापटली. पुन्हा थापटली.

नळी रिकामी होती.

२

यांना पकडून वडगावला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उंबऱ्यापाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला मुंडासं, कमरेला खोचलेली लहानशी हातोडी.

"मी रखमाजी. वडिवळ्याचा. सोपान माझ्या भनीचा नातू." तो फार मोठ्यांदा बोलत होता, जसं ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलावं. "तुझ्या नवऱ्यानं त्याला मारलं का, ते बघाया आलोय."

माझ्या हातातली सुई बोटात गेली.

"त्यांनी नाही मारलं," मी म्हणाले.

"मोठ्यांदा बोल बाई. तीस वर्सं घाटातल्या पुलांवर रिव्हेट तपासलं म्या. कान तितंच ठेवून आलोय."

मी ओरडून सांगितलं. शेजारच्या झुंबरबाई कौतुकाने गॅलरीत आल्या. त्या दिवसापासून आमच्या घरातलं काही आळीला सांगावं लागलं नाही.

रखमाजी, म्हणजे पुढे माझे आबा, खाली बसले. "सांग मग. बैठक म्हंजी काय सांगत व्हता त्यो?"

मला ते ठाऊक होतं, कारण यांनी मला ते जेवताना पाटावर दाखवलं होतं. गर्डर म्हणजे मोठा आडवा लोखंडी खांब. तुळया येऊन त्याच्या कुशीला लागतात. तुळई त्याला दोन तऱ्हांनी धरता येते. एक, तिच्या टोकाला दोन बाजूंनी अँगल लावून, म्हणजे माणसाला दोघांनी दंडाला धरून उभा ठेवावा तसं. दुसरी तऱ्हा, तिच्याखाली गर्डरलाच एक भक्कम बैठक ठोकायची आणि तिला वर बसवायचं. दत्तोबांनी आधी सांगितलं होतं, माळ्यावर रिकामी पोती राहतील. त्यांना दंडाला धरणं पुरलं असतं. मग ते म्हणाले, भरलेली ठेवीन. पण खाली यंत्रांचे पट्टे फिरायचे, म्हणून तुळया काही जाड करता येत नव्हत्या. उंची कमी, तिथे दोनच रिव्हेट मावायचे. "दोन रिव्हेटांवर भाताची रास कशी सोडू?" हे म्हणाले होते, आणि रात्रंदिवस बसून बैठकीचा नवा नकाशा काढला होता. बैठकीने ओझं घ्यायचं, बाजूच्या अँगलांनी तुळई नुसती कलू द्यायची नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या ओठांकडे बघत होते.

"नव्या नकाशाची परत कुटं कुटं गेलती?"

"एक निळी प्रत मुंबईच्या कारखान्यात, एक कामावर. कारखान्याची काम झाल्यावर परत आली. दोन्ही सबनिसांकडे. ते म्हणतात, आपल्याकडे जुनाच सात नंबर आला होता, तोही पावसात भिजून गेला."

"म्हंजी तुजा नवरा येक सांगतो, सबनीस येक. आन लोखंड?" आबा उठले. "लोखंड काय सांगतंय ते कुनी इचारलंय का?"

"सबनीस शुक्रवारी सगळं उतरवणार आहेत. गॅसने कापून."

"आज बुधवार. चल. तुला लिवता येतं ना? जो जे बोलंल ते जसंच्या तसं लिवून घ्यायचं. माझं मी वाचीन."

"मला सहावा महिना आहे, आबा."

"मंग दोगं चला."

३

गिरणीत सगळीकडे भाताचा वास आणि त्यात कसलातरी आंबूस ओलेपणा. सोपान पडला तिथे कुणी राख पसरली होती. मला तिकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. वर उरलेल्या पाच तुळया तशाच होत्या, आणि मला सारखं वाटे, त्यांतली एखादी आता सुटेल.

आबा शिडीवर चढले. ज्या टोकाला तुळई सुटली होती तिथले दोन रिव्हेट मधोमध कापल्यासारखे तुटले होते. त्यांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. त्यांनी गर्डरवर हात फिरवला. खाली, आणखी खाली. मग एका ठिकाणी बोट ठेवून दुसऱ्या अंगाने हातोडी मारली. बोट तसंच. पुन्हा मारली. रिव्हेट सैल आहे की घट्ट, हे ते कानाने नाही, बोटाच्या टोकाने ऐकायचे.

"अंबाजी!" त्यांनी हाक मारली.

अंबाजी रिव्हेट मारणाऱ्या टोळीचा मुकादम. काळा, रुंद, हातांवर ठिणग्यांचे डाग. तो दारातच घुटमळत होता.

"हितं सा रिव्हेट हाईत. प्रत्येक तुळईच्या टोकाखाली सा-सा. घट हाईत, चांगलं मारलंय. पन अंबाजी, ह्यांनी धरलंय काय?"

अंबाजी वर बघेना.

"रिव्हेट दोन पत्रं येकमेकाला धराया मारत्यात. हितं येकच पत्रा. मागं काय न्हाई, म्होरं काय न्हाई. नुसतं भोक बुजवलंय."

"उघडं भोक ठेवू न्हाई, आबा. पानी शिरतं, गंज चढतो. पुलावर तुमीच शिकिवलंत."

"छपराखाली कुटला पाऊस रं?"

"रीत ती रीत." अंबाजीने मुंडासं सारखं केलं. "हात आपसूक जातो."

मी भराभर लिहून घेत होते. माझ्या मनात एकच आलं: भोकं होती. कारखान्यातून गर्डर आला तोच तुळईच्या टोकाखाली सहा-सहा भोकं पाडून आला. मग त्या भोकांना काहीतरी लावायचं असणारच.

"काय व्हतं त्या भोकांत आधी?"

"टेकण व्हतं. बोल्टांनी लावल्यालं. तुळई वर चढवताना तिला टेकाया. काम झालं की टेकण काढायचं, ह्ये कुनी सांगाया लागतं व्हय? बोल्ट म्हंजी आजचं, रिव्हेट म्हंजी कायमचं."

"कुनाला इचारून काढलंस?"

अंबाजीने दाराबाहेर बघितलं. बाहेर मोटार थांबली होती, आणि सबनीस आत येत होते.

सबनीस माझ्याशी अदबीने बोलले, आबांकडे बघितलंही नाही. "वहिनी, तुम्ही या अवस्थेत इथे कशाला? तुळया चढवताना टेकणं लावतातच, ती नंतर काढतात. पुण्यात कुणालाही विचारा. तुमच्या यजमानांनी चुकीचा जोड निवडला आणि आता नवा कागद होता म्हणतात. अहो, बोल्ट काढून रिव्हेट मारा अशी टीप असलेला कागद माझ्या हाती आला असता, तर मी काय वाचला नसता?"

मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. आबांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी वही घेतली, वाचली आणि मिटली.

"टेकणं कुटं हाईत ती, सायेब?"

"भंगारात. कालच पुण्याला गेली."

"सगळी?"

"सगळी," सबनीस म्हणाले.

दारातून अंबाजीने आबांकडे बघितलं, आणि मान किंचित हलवली. नाही.

४

सबनीस गेल्यावर अंबाजीने कामगारांच्या वस्तीकडे बोट दाखवलं. ती गिरणीमागच्या टेकाडावर होती. कारवीच्या कुडाची चार घरं. हिरी अंगणात भाकरी थापत होती. गिरणीच्या कामावर लोखंड वाहायला ती असायची. आबांनी तिला काही विचारलंच नाही. ते चुलीपाशी बसले आणि चुलीकडे बघत राहिले.

चूल मातीची होती, पण तवा टेकला होता दोन जाड लोखंडी तुकड्यांवर.

"ते माझं हाय," हिरी लगेच म्हणाली. "मुकादमानं दिलं. चोरलं न्हाई."

"कुनी म्हनलं चोरलं?"

"मंग असं काय बघता? माझी भाकर करपंल."

"तुझी भाकर झाली की मला त्यातलं येक दे. बदल्यात नवी चूल घालून दीन."

"नवऱ्यानं बी नवी चूल घालून दीन म्हनलं व्हतं. दोन वर्सं झाली." तिने कमरेला पदर खोचला, चिमट्याने एक तुकडा बाहेर ढकलला. "घ्या. हात भाजंल, थांबा."

आबांनी त्यावर पाणी ओतलं. वाफ गेली. एल आकाराचा हातभर अँगल, त्याच्या पोटाला आधाराला एक उभा पत्रा, कारखान्यातच ठोकून आलेला. उभ्या बाजूला भोकं. आबांनी माझं बोट धरून एकेका भोकावर ठेवलं.

"मोज."

"सहा."

"टेकणाला किती लागत्यात? दोन. दोन बोल्ट, तुळई चढंस्तवर. आन पोटाला ह्यो टेकू? चार दिसांच्या पाव्हण्याला कुनी घर बांधून देत न्हाई, पोरी. ही बैठकच हाय. तुजा नवरा खरं बोलतोय."

पहिल्यांदाच त्यांनी मला पोरी म्हटलं. मला रडू आलं, आणि रडता रडता मी हसले. पण आबा हसले नाहीत.

"फौजदार म्हनंल, तुकडा कुटनं बी आणला. सबनीस सायेब म्हनंल, आमच्यात अशीच टेकणं असत्यात. म्हाताऱ्या भैऱ्याचं कोन ऐकतंय? कागूद पायजे. उद्या गुरुवार."

गुरुवारी आम्ही माझं घर पालथं घातलं. धान्याचे डबे, गादीची खोळ, देवांच्या मागची फळी. झुंबरबाईंनी त्यांचंही घर शोधलं, का ते त्यांनाच ठाऊक. दुपार टळली. आबा थकून खिडकीशी बसले, आणि टेकायला हात ठेवला तो झबल्यावर.

हात तिथेच राहिला. मग बोटं हलू लागली. अगदी रिव्हेटवर हलायची तशी.

"ह्ये कापड कुटलं?"

"जुनं आहे. यांच्या रद्दी नकाशांचं. नकाशाच्या कापडाची खळ धुतली की असं तलम कापड निघतं, सगळ्या ड्राफ्ट्समनांच्या बायका..."

मी वळून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं.

पंधरा दिवसांपूर्वी हे म्हणाले होते, "कोपऱ्यातली गुंडाळी रद्दीची आहे, त्यातलं घे." गुंडाळीत दोन नकाशे होते, एकात एक गुंडाळलेले. एकावर तांबडी फुली. तांबडी शाई धुऊन जात नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी दुसरं घेतलं. स्वच्छ.

नवा सात नंबर जुन्याशी ताडून बघायला यांनी काढला असेल, आणि दोन्ही एकत्र गुंडाळले असतील. आणि मी तो रिठ्याच्या पाण्यात उकळला.

५

त्या क्षणी मला काय वाटलं ते आज साठाहून जास्त वर्षांनीही सांगायला धजत नाही. गप्प बसावं, असंही वाटलं. नकाशा गेला तो गेलाच, मग यांना कशाला कळू द्यायचं की त्यांचा एकुलता एक पुरावा बायकोने कापून त्याला बंद लावले?

आबांनी झबलं उन्हाकडे धरलं.

"किती पान्यात काढलंस?"

"एकाच. घाई होती."

"बघ."

कापडात राखाडी रेघा होत्या. आतल्या अंगाने, इतक्या पुसट की शिवताना दिसल्या नव्हत्या. पाठीवर तुळईचं टोक. उजव्या बाहीत अर्धं वर्तुळ.

"उसव," आबा म्हणाले.

मी उसवलं. चार तुकडे केले, तसबिरीच्या सुट्या काचेवर जोडले, खिडकीशी धरले. तुळईच्या खाली बैठक होती, पोटाला टेकू, सहा रिव्हेट. गळ्यापाशी यांच्या टपोऱ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती, आणि मी पुण्याच्या शाळेत सहावीपर्यंत शिकल्याचं त्या दिवशी सार्थक झालं: तुळई बसल्यावर बोल्ट काढून त्याच भोकांत बैठकीला रिव्हेट मारावेत. बैठक कायमची.

मी ओळ मोठ्यांदा वाचली. आबांना ऐकू आली नाही, म्हणून ती मराठीत वहीत उतरवली. त्यांनी ती वाचली, मागची पानं उलटली आणि बुधवारच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

शुक्रवारी सकाळी गिरणीत गॅसच्या नळकांड्या येऊन पडल्या होत्या. आबांच्या सांगण्यावरून दत्तोबांनी फौजदारांना बोलावलं होतं, आणि फौजदार यांना घेऊन आले होते. तीन दिवसांची दाढी. माझ्याकडे बघून ते हसले, आणि मी काचेवरचे तुकडे पदराखाली लपवून उभी होते.

आबा सबनिसांसमोर गेले. "सायेब, परवा तुमी वहिनीला म्हनलात, 'बोल्ट काढून रिव्हेट मारा' अशी टीप असल्याला कागूद मला आला न्हाई."

"बरोबर. आलाच नाही."

"मंग टीप काय व्हती ते कसं ठावं?"

सबनिसांनी यांच्याकडे बोट केलं. "यांनीच सांगितलं. जबानीत आहे."

फौजदारांनी जबानी काढली. दोनदा वाचली. "जबानीत बैठक आहे," ते सावकाश म्हणाले. "टिपेबद्दल अवाक्षर नाही."

"नकाशा सापडल्यावर दिसेलच, म्हणून मी बोललो नाही," हे म्हणाले. "पण नकाशा..."

मी पुढे झाले आणि काच उन्हात धरली.

हे जवळ आले. रेघा बघितल्या, ओळ वाचली. मग त्यांचा हात कडेच्या टाक्यांवर गेला, एका बाहीच्या दुमडीवर थांबला. त्यांना कळलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही.

"दत्तोबा," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, म्हणजे नेहमीसारखंच, "ती टीप ठावी कुनाला? ज्यानं लिवली त्याला, आन ज्यानं वाचली त्याला. आन अंबाजी टेकण काढताना कुनाला इचारनार? ज्याच्या हातात निळा कागूद, त्याला. रीत हाय. अंबाजी, माझ्याकडं बघ. सोपान तुझ्या टोळीत जेवायचा."

अंबाजीने मुंडासं काढून हातात घेतलं. "इचारलं व्हतं, आबा. टेकणं काढू का म्हनून. सायेब मोटारीत बसत व्हते. 'काढ' म्हनले. कागूद बगलेत व्हता, उघडला बी न्हाई."

सबनीस गॅसच्या नळकांड्यांकडे वळले. मग म्हणाले, "तारीख गाठायची होती. आजवरच्या सगळ्या कामांवर टेकणं काढलीच होती. सातवा उघडला तो... सोपान गेल्यावर." दोन्ही निळ्या प्रती त्यांनी त्याच संध्याकाळी जाळल्या होत्या.

आबांनी हातोडी कमरेला खोचली. ते बहिणीच्या नातवाच्या मारेकऱ्याला शोधायला आले होते, आणि सापडला होता तो एक घाईचा शब्द. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "आबा, ते कापड मी धुतलंच नसतं, तर यांना तीन दिवस कोठडीत..."

ते गर्डरकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नसावं. मला अजून खात्री नाही.

चारही तुकडे मुद्देमाल म्हणून जमा झाले. आमची मुलगी शेजाऱ्यांच्या झबल्यात वाढली. खटला संपून ते तुकडे परत आले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि पुडक्याच्या गाठीला लाखेचा शिक्का होता. यांनी तो फोडला, तुकडे सरळ केले, आणि मला म्हणाले, "शिव की. बाहुलीला होईल."

त्यांनी त्याबद्दल उभ्या जन्मात तेवढंच वाक्य म्हटलं. पण त्या दिवसानंतर त्यांनी रद्दीचं कापड मला स्वतःच्या हाताने दिलं. आधी उन्हात धरून.

दत्तोबांनी गिरणी पुन्हा उभी केली, बाराही बैठका रिव्हेट मारून, अंबाजीच्याच टोळीकडून. आबा प्रत्येक रिव्हेटवर बोट ठेवून गेले. त्या गिरणीत मी पुढे कितीदा गेले असेन. आत पाऊल टाकण्याआधी मी वर बघायची, तुळईच्या टोकाखाली. आजही कुठल्या घरात माझ्या डोक्यावर माळा असला आणि वर कुणी चालू लागलं, की माझं बोलणं मध्येच तुटतं, आणि पोरं विचारतात, आजी, काय शोधतेस?